बाग बघायला

"आमच्यासाठी एक दिवस ठेव. एकदम निवांत," मैत्रीण फोनवर म्हणाली आणि माझी झोप उडाली.

मला निवांत जमत नाही. मी चहासुद्धा उभ्यानं पिते. शाळेत एखादा तास मोकळा मिळाला तर प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसत बसते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी बांधलीय. त्यात ती पुढं म्हणाली, "या खेपेला येऊन आम्ही ठरवणार आहोत. पुणं सोडून तिकडं राहायला यायचं का नाही, ते." मी वरवर म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा बाई." आणि फोन ठेवून आमटीत दोनदा मीठ घातलं.

ही मैत्रीण आणि मी धाराशिवच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. तेव्हा गावाचं नाव उस्मानाबाद होतं आणि आमच्या तोंडात अजून तेच येतं. ती सास्तूरची. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावात तिच्या वडिलांचं घर आहे, पण आता आईवडील दोघंही नाहीत. घराला कुलूप आहे आणि गच्चीवर शेजारीण शेवया वाळत घालते. नवरा तिनं आमच्याच वर्गातला केला, मूळचा पुण्याचा, म्हणून मी त्याला पुणेकरच म्हणते. त्याचं काम आता कॉम्प्युटरवर कुठूनही होतं. दोघांचं म्हणणं असं की वर्षभर आमच्या कळंबला भाड्यानं राहून बघावं, जमलं तर सास्तूरचं कुलूप काढावं.

मला ती इथं हवी होती. लपवून काय करायचं. लेक बारावीला म्हणून लातूरला, घरात आम्ही नवराबायको आणि सासूबाई. कळंबमध्ये बोलायला माणसं काही कमी नाहीत, पण कुणाशीही तोंड उघडायच्या आधी मला विचार करावा लागतो की हे कुठं कुठं पोचेल. मनात येईल ते जिच्यापुढं बोलावं अशी एकच बाई मला या जन्मात भेटली आणि ती पुण्यात राहते. ती चार गल्ल्या सोडून राहायला आली तर? त्या 'तर'नं मला महिनाभर सुखानं बसू दिलं नाही.

म्हणजे तो एक दिवस चांगला जायला हवा होता. बिघडला तर सगळंच बिघडणार होतं.

पुणेकरानं कुठंतरी वाचलं होतं की आमच्या भागात आता वाइनचा पट्टा झालाय. त्याला तो बघायचा होता, चार घोट घ्यायचे होते, झाडाखाली बसायचं होतं. पट्टा म्हणजे काय, तर तुळजापूरच्या पुढं सोलापूरच्या अंगाला एका बागायतदारानं टाकलेली एक वायनरी. एकच. पण तो पट्टा म्हणतोय तर आपण कशाला कमी करा, म्हणून मी पण फोनवर पट्टाच म्हणायला लागले.

नवरा म्हणाला, "हुरड्याला जाऊ की. शेतात आगटी पेटवू, निवांत बसतील."

"त्यांना वाइन प्यायचीय."

"मग चौकात वाइन शॉप आहे की."

आमच्या वाइन शॉपात वाइन सोडून सगळं मिळतं हे त्यालाही माहीत आहे. मार्च तोंडावर आल्यामुळं त्याला रजा मिळणार नव्हती, तेव्हा त्याला गंमत सुचत होती. मी एकटीच डोकं धरून बसले होते.

आधी वार ठरेना. सोमवार महादेवाचा. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. गुरुवारी माझाच उपास, शनिवारी नवऱ्याचा. रविवारी तुळजापूरकडं गाड्यांची रीघ. राहता राहिला बुधवार. मग त्या बुधवारी एकादशी तर नाही ना म्हणून कॅलेंडर बघितलं, नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी परत बघितलं.

मग रस्ता. कळंबहून धाराशिवकडं येरमाळ्यावरून जा, नाहीतर ढोकीवरून. एका रस्त्याला येडाई देवी, दुसऱ्या रस्त्याला तेरचं देऊळ, आणि कुठूनही गेलं तरी पुढं तुळजापूरची आई आहेच. जाताना दर्शन घ्यावं तर रांगेत दिवस जातो. येताना घ्यावं तर तोंडाला वास. म्हणजे बायपास. देव एकवेळ समजून घेतील, पाहुणे घेत नाहीत. येरमाळ्याला चुलत सासरे, ढोकीला मामेसासू, धाराशिवला नणंद. दारावरून गेलात आणि आत आला नाहीत, हे वाक्य आमच्याकडं पुढच्या चार लग्नांत ऐकावं लागतं. आणि आत गेलं की चहा म्हणजे नुसता चहा नसतो. मागच्या वेळी हे दोघं आले तेव्हा आम्ही घरोघरी पोहे खात फिरलो. मैत्रिणीच्या शेजारी मी दिवसभर बसले होते, आणि तिच्याशी एक शब्द धड बोलले नव्हते.

या वेळी मी कुणालाही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. येरमाळ्यावरून भुर्रकन जायचं, धाराशिव बायपासनं, तुळजापूर बायपासनं. वायनरी, झाड, गप्पा, परत.

उरल्या आत्या. सासूला मी आत्या म्हणते आणि चुलत सासऱ्यांना मामा, आमच्याकडं तसंच म्हणतात. आत्यांच्या लेखी वाइन, ब्रँडी, देशी सगळं एकच. सून पाहुण्यांना घेऊन दारूच्या कारखान्यात चालली म्हटल्यावर त्या काही बोलल्या नसत्या, नुसत्या देवघरात जाऊन बसल्या असत्या, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणून मी म्हटलं, "द्राक्षाची बाग बघायला चाललोय आत्या."

"बघायला?"

"हो, बघायला."

"बरं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, सुटले.

जन्म या मुलखात काढून ही चूक माझ्याकडून व्हावी याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडं 'बघायला' हा शब्द मोकळा नाही. बैल बघायला जातात, प्लॉट बघायला जातात, पोरगी बघायला जातात. नुसतं बघायला कुणी कुठं जात नाही. आणि बघून झालं की उत्तरं दोनच असतात. एक 'पसंत', दुसरं 'कळवतो'.

'कळवतो' आम्हा दोघींना फार चांगला माहीत. शेवटच्या वर्षाला आम्हाला आळीपाळीनं घरून बोलावणं यायचं. जायचं, साडी नेसायची, पोह्याच्या बशा फिरवायच्या, नाव आणि शिक्षण सांगायचं. निघताना पायात चप्पल सरकवता सरकवता पोराचा मामा म्हणायचा, "कळवतो." कळवायचं कुणी कधी नाही. तो शब्द ऐकल्यावर आई मुकाट बशा उचलायला लागायची. वसतिगृहावर परत आलं की दुसरी विचारायची, "काय झालं?" "कळवतो." मग दोघी कोपऱ्यावर जाऊन भजी खायचो. पुढं पुढं सगळ्यालाच कळवतो व्हायला लागलं. मेसच्या बाईनं रविवारी गोड करते म्हटलं, की आम्ही एकमेकींकडं बघून म्हणायचो, कळवतो.

पाहुणे मंगळवारी संध्याकाळी आले. मैत्रीण जराशी वाळली होती, पण हसणं तेच. जेवताना आत्यांनी पुणेकराच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि विचारलं, "मग, बाग किती एकराची बघताय?"

पुणेकराला वाटलं, आजी गंमत करतायत. तोही रंगात आला. म्हणाला, "आवडली तर सगळीच घेऊन टाकू."

आत्यांनी मान डोलावली आणि हात धुऊन फोन घेऊन अंगणात गेल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी उद्याच्या डब्यात लोणचं द्यावं की ठेचा, या विचारात होते.

सकाळी निघालो. पुणेकर गाडी चालवत होता, आम्ही दोघी मागं. दोन्ही बाजूंना ज्वारी भरली होती, ऊन अजून कोवळं होतं, आणि मला काही दिसत नव्हतं. येरमाळा आलं तशी मी काच वर केली आणि ओढणी डोक्यावरून पुढं ओढून खाली वाकले. चुलत सासरे सकाळचे फाट्यावरच्या हॉटेलात बसलेले असतात.

"कुणाचा खून करून पळतेस का?" मैत्रीण म्हणाली.

"तू गप बस. पुढं सांगते."

"अगं, निवांत बस की."

धाराशिवचा बायपास लागला तेव्हा कुठं मी पाठ टेकली. म्हटलं, चला, जमलं. तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. नणंद.

"वहिनी, पुलाखाली थांबा. हे येऊन उभे राहिलेत. काय वहिनी, पुण्याचं एवढं गिऱ्हाईक घेऊन चाललात आणि आम्हाला सांगत नाही? आई बोलली म्हणून कळलं. ह्यांच्या ओळखीत एक बाग आहे विकायची, तीच दाखवतील."

नणंदेचे यजमान, त्यांना आम्ही सगळे दाजी म्हणतो, पुलाच्या सावलीत पांढरा शर्ट घालून उभे होते. मोटरसायकल त्यांनी पंक्चरवाल्याकडं लावली होती आणि हातात केळ्यांची पिशवी होती. आमचं काही ऐकायच्या आत ते पुढच्या सीटवर बसले.

"दाजी, आम्ही आपलं नुसतं बघायला..." मी म्हटलं.

"मग मी तरी काय म्हणतोय, बघाच की. आधी बघायचं, मग बोलायचं. घाई न्हाय."

आता तरी मी खरं सांगायचं. दाजी, बाग घ्यायची नाही, आम्ही वाइन प्यायला चाललोय. एवढंच वाक्य. पण जीभ रेटली नाही. मैत्रिणीनं मला चिमटा काढला, ती हसत होती. पुणेकर आरशातून माझ्याकडं बघून डोळ्यांनीच विचारत होता, हे काय चाललंय. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाग खरंच देखणी होती. मांडव उंच, ओळी सरळ, उन्हापासून जपायला घडांना कागद लावलेले. मालक आणि त्यांची बायको दोघंच तिथं राहतात, मुलं नोकरीला लांब, आता हातानं होत नाही म्हणून बाग द्यायची. त्यांनी अंगण सारवून ठेवलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या, एका खुर्चीवर टॉवेल अंथरला होता, तो पुणेकरासाठी. आणि आतून पोह्याच्या बशा आल्या.

पुणेकर भला माणूस आहे, आणि भल्या माणसानं अशा वेळी जे करू नये तेच त्यानं केलं. गप्प राहणं बरं दिसत नाही म्हणून तो विचारत सुटला. पाणी कुठलं, छाटणी कधी करता, लाइट किती वेळ असते. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला मालकाचा चेहरा खुलत होता. ते उठून त्याला हाताला धरून ओळीओळीतून फिरवायला लागले. दाजी मागून सांगत होते, "पाहुण्याला शेतीतलं लई कळतंय." माझी मान वर होईना.

इकडं मालकिणीनं मैत्रिणीला पाटावर बसवलं. पहिल्यांदा दारात आलेली बाई ओटी न भरता कशी जाईल. कुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ, वर द्राक्षांचा एक घड ओटीत घातला. घालता घालता विचारलं, "लेकरं किती?"

"नाहीत," मैत्रीण म्हणाली.

"व्हतील की. हितनं देवी जवळच हाय, जाता जाता नवस बोला."

मैत्रीण हसली. ते हसणं मला ठाऊक आहे. दवाखान्यांच्या सगळ्या वर्षांत मी ते फोनवरसुद्धा ओळखायची. चाळिशी कधीच ओलांडलीय आम्ही. मला त्या बाईचा राग आला, आणि रागवावं तर ती इतक्या मायेनं तिच्या ओढणीत तांदूळ घालत होती की कुठल्या तोंडानं रागवायचं. मी उगाच बशा उचलायला लागले.

निघताना मालक फाटकापर्यंत आले. फाटकाला हात लावून उभे राहिले. पुणेकर बूट घालता घालता म्हणाला, "छान आहे बाग. कळवतो."

त्याला काय माहीत. त्यानं साध्या मनानं म्हटलं. पण मालकाच्या चेहऱ्यावरचं सगळं खाली उतरलं, आणि त्यांची बायको मागं वळून खुर्च्या गोळा करायला लागली. मैत्रिणीनं आणि मी एकमेकींकडं बघितलं. भजी आठवायची ती वेळ नव्हती. आम्ही दोघीही हसलो नाही.

गाडीत बसल्यावर मैत्रीणच दाजींना म्हणाली, "दाजी, आम्हाला पुढं वायनरीत जायचंय. वाइन करतात तिथं."

दाजींनी केळ्यांच्या पिशवीकडं बघितलं. मग म्हणाले, "मग आधी न्हाय का सांगायचं? वाटंत केळी कशाला खायला घातली असती."

वायनरीत टेबलाशी बसवून एका मुलीनं आमच्यापुढं ग्लास मांडले आणि आधी वास घ्या, मग जिभेवर फिरवा, असं सांगितलं. ज्याच्यासाठी आलो त्या पुणेकराला गाडी चालवायची होती, त्यानं जीभ बुडवली आणि ग्लास सरकवला. दाजींनी लाल वाइनचा घोट घेतला, डोळे मिटले. "काढा हाय," म्हणाले. "साखर मिळंल का?" मुलगी हसली. मैत्रीणही खूप हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी अर्धा ग्लास घेतला आणि दर मिनिटाला घड्याळ बघितलं. झाड होतं, सावली होती, समोर बागा पसरल्या होत्या. दाजी पुणेकराला पाइपलाइनचा खर्च समजावत होते. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, आणि याही वेळी काही बोललो नाही.

परतताना तुळजापूरच्या बायपासला दाजींनी गाडी थांबवायला लावली. उतरले, चपला काढल्या, देवळाच्या दिशेला तोंड करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ते काढ्याचा घोट घेऊन बिनघोर हात जोडून उभे होते. मी तोंडात दोन लवंगा टाकल्या, ओढणीनं नाक-तोंड झाकलं आणि मग हात जोडले. मैत्रीण गाडीला टेकून माझ्याकडं बघत होती. देवळाकडं नाही, माझ्याकडं.

पुलाखाली दाजींना सोडलं. येडशी मागं पडली. मग पुणेकर आरशात बघून मला म्हणाला, "मजा आली हं. खरंच. आम्ही घरी जाऊन नीट विचार करतो आणि तुला काय ते कळव..."

"तिला नको," मैत्रीण म्हणाली. "कुणालाही म्हण, तिला कळवतो म्हणू नकोस."

ती माझ्याकडं वळून बसली. ओटीतले तांदूळ अजून तिच्या कुर्त्याच्या घडीत होते.

"आम्ही नाही येत गं. मला नाही जमायचं."

मला ते कळत होतं, बहुतेक पुलाखालीच कळलं होतं. तरी मी म्हटलं, "ती बाई लेकरांचं बोलली म्हणून? अगं, तिला काय..."

"ती चांगली बाई होती. तिचं काही नाही. एकदा विचारलं, संपलं. तुझ्यामुळं म्हणतेय मी."

"माझ्यामुळं?"

"सकाळपासून काय करतेयस बघ की. येरमाळ्याला लपलीस. दाजींना एक वाक्य सांगायचं तर तुझी दातखीळ बसली. देवीला लांबनं हात जोडतानासुद्धा तोंड झाकलंस. तू इथली आहेस. माणसं तुझी आहेत. इतकी वर्षं राहून तुला इथं निवांत बसता येत नाही, तर मला कसं येईल? तिकडं मी दार लावून घेते आणि मला कुणी काही विचारत नाही. तेवढ्यावर माझं चाललंय. ते सोडून यायची हिंमत नाही माझ्यात."

मला राग आला. इतका की गाडी थांबव, मी एसटीनं जाते, म्हणावंसं वाटलं. तुझ्यासाठीच पळत होते ना मी, सगळ्यांना चुकवत होते ते तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणूनच ना. हे सगळं घशापर्यंत आलं. आणि त्याच घशात हेही होतं की हिनं मला चप्पल घालता घालता उत्तर दिलं नाही. माझ्याकडं तोंड करून दिलं. असं मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

येरमाळ्याचा फाटा दिसला. मी पुणेकराला म्हटलं, "थांबव इथं."

"इथं?"

"भजी खायची आहेत."

हॉटेलाबाहेर बाकडी होती, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसेल अशी. आम्ही तिघं बसलो. ओढणी मी गळ्यात टाकली. भजी गरम होती, हिरव्या मिरच्या तिखट होत्या, आणि पहिल्याच घासाला चुलत सासरे आतून बाहेर आले.

"सूनबाई? इथं बसलाव? घर सोडून?"

मी अर्धी उठले, मग परत बसले. "बसा मामा," म्हटलं. "पाहुणे पुण्याचे. भजी घ्या."

ते बसले. एक भजं खाल्लं, पुणेकराला गाव विचारलं, मैत्रिणीला सास्तूरच्या कुठल्या घरची ते विचारलं, तिच्या वडिलांना ओळखत होते म्हणाले. मग पुढच्या वेळी घरी यायचं म्हणून सांगून, काठी टेकत निघून गेले. एवढंच झालं. मैत्रीण माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, मिरचीचा तुकडा मोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं गेले. गाडी वळेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती. मी घरात आले आणि लगेच भांडी घासायला घेतली, घासलेलीच परत. आत्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"काय म्हणले पाहुणे? पसंत पडली का बाग?"

"कळवतो म्हणाले."

"म्हंजी न्हाय." त्यांनी लसणाची टरफलं फुंकली. जरा वेळानं म्हणाल्या, "बागंचं जाऊ दे. ती ऱ्हायला येणार का न्हाय हितं?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ह्यातलं अवाक्षर मी घरात बोलले नव्हते. "तुम्हाला कुणी सांगितलं आत्या?"

"कोण सांगतंय मला? म्हैनाभर आमटी खारट व्हतीया. ती येणार म्हणून तुझं ध्यान न्हाय, एवढं तर दिसतंय की."

"न्हाय येणार," मी म्हटलं.

त्यांनी लसूण बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात देत उठल्या, आत जाऊन माझ्यासाठी ठेवलेला चहा घेऊन आल्या. मी ओल्या हातानं कप घेतला आणि सवयीनं उभ्यानंच तोंडाला लावला.

"बस," त्या म्हणाल्या. "खाली बस. बसून पी."

मी त्यांच्याशेजारी ओसरीवर बसले, आणि मग मला रडू आलं. त्या परत लसूण सोलायला लागल्या. चहा पार थंड झाला तरी मी बसून होते.